हवालदाराचा पाय

सानगडी
१३ जुलै २००८

विनोद,

वर जयभीम लिहिलेला नाही. विसरले असं समजू नकोस, तुला द्यायचाच नाही.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. हा कागद फाडण्याआधी तू वाचशील, कारण लहानपणापासून तुला चिवड्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून टाकायची सवय आहे आणि ती मीच, तुझ्या थोरल्या बहिणीने, लावली आहे.

हवालदार परवापासून काही खात नाही. उजवा पुढचा पाय कोपराच्या खाली मोडला आहे, उचलला की लोंबतो. साकोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेला होता. डॉक्टरांनी सुई दिली, पट्टी बांधली आणि नागपूरला नेता आलं तर बघा म्हणाले. साठ वर्षांची बाई मांजराएवढं कुत्रं घेऊन नागपूरला कुठे फिरणार? उद्या तुलारामला बोलावलं आहे. बकऱ्या-गोऱ्ह्यांचे पाय तोच बसवतो.

तुझ्या लेकीने, खुशबूने, आणलेलं हे पिल्लू. एवढासा जीव आणि रुबाब ठाण्यातला, म्हणून तिनेच नाव ठेवलं हवालदार. एप्रिलमध्ये तुम्ही वरठीला बिऱ्हाड हलवलंत तेव्हा टीव्ही नेला, कूलर नेला, तुझ्या बायकोने, हर्षाने, लोणच्याच्या बरण्यासुद्धा मोजून नेल्या. हवालदार मात्र माझ्या दारात सोडलात. "बाईले सोबत होईल," म्हणालास, लहानपणापासून मला बाई म्हणतोस तसंच. भंडारा जिल्हा फुटला तेव्हा माझी शाळा गोंदियाकडे गेली होती. मी अर्ज करकरून इकडे बदली घेतली, ती तुमच्या सोबतीसाठी. त्या सोबतीच्या बदल्यात मला कुत्रं मिळालं.

जूनमध्ये त्यावरून भांडण झालं तेव्हा तुला सांगितलं होतं, पुन्हा या वाटेने येऊ नकोस. तरी आलास. तलावाच्या पाळीवर, भर दुपारी, रोवण्याच्या बायका धानाच्या बांधीत असताना तू त्याच्यावर गाडी घातलीस. बायका चिखलातून धावत आल्या. कुत्रं केकाटत होतं आणि तू त्याच्यावर वाकलेला होतास, हे वीस जणींनी पाहिलं. तू मुद्दाम घातलीस हे मी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं, आणि तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस.

तो बाजूला का झाला नाही, असं उद्या तू विचारशील. विचारू नकोस. मुका जीव, ओळखीची गाडी बघून उभा राहिला असेल.

तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला आहे. तुला बोलावणं येईल. आणि ऐकून ठेव, मी याला मरू देणार नाही. याला पायावर उभा करीन आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला, आपले सगळे सोयरे गावात असतील तेव्हा, लंगडत लंगडत त्यांच्यामधून फिरवीन. जो तो विचारेल, काय झालं याला. मी नाव सांगेन.

तुळसा
(सेवानिवृत्त सहायक शिक्षिका)


सानगडी
३ ऑगस्ट २००८

विनोद,

समितीसमोर तू उभा राहिलास ते दृश्य मी रोज आठवते. पण जितकं गोड लागायला हवं होतं तितकं लागत नाही, आणि त्यालाही तूच जबाबदार आहेस.

तू भांडशील असं मला वाटलं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती, नंबर घालून. आणि तू काय म्हणालास? "गाडी माह्याच हातात होती. कुत्रं चाकाखाली आलं. अजून काय सांगू." अध्यक्षांनी माफी मागायला सांगितली, तू सर्वांसमोर हात जोडलेस आणि गाडीला किक मारून निघून गेलास. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. लोक म्हणाले, बाईंचा विजय झाला. मी घरी आले आणि कढईतली भाजी जळेपर्यंत नुसती बसून राहिले.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी पाळीवरून तू काही उचललंस का? काही म्हणजे काहीही. मी दोनदा जाऊन बघून आले. रोवण्याच्या बायका विचारत होत्या, काय हरपलं म्हणून. मी म्हटलं, चष्म्याचं घर.

आता हवालदाराचं सांगते, कारण खुशबू विचारत असेल आणि तुला उत्तर येत नसेल. तुलारामने डॉक्टरांची पट्टी सोडली, पाय हाताने चाचपून सरळ केला आणि बांबूच्या चार कमच्या कापूस लावून बांधल्या. हवालदार माझ्या मनगटाला चावला, चांगले दोन दात रुतले. मी दवाखान्यात सुई टोचून घेऊन आले, पण त्याला मारलं नाही. मारायचं असतं तर दुसऱ्या कोणाला मारलं असतं.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. पट्टी सैल झाली म्हणून मीच पुन्हा बांधली. बांधताना डोक्यात तू होतास, आणि पट्टी इतकी आवळली गेली की सकाळी त्याची बोटं सुजून टम्म झाली होती, हात लावला तर गार. तुलाराम धावत आला, कात्रीने पट्टी कापली. "बाई, दोन घंटे उशीर झाला असता तं पाय सडला असता," म्हणाला. तेव्हापासून रोज तीनदा बोटं दाबून बघते, ऊब आहे की नाही. तुझ्यावरचा राग आता पट्टीला लावत नाही. तो वेगळा ठेवला आहे.

तुळसा


सानगडी
२८ ऑगस्ट २००८

विनोद,

खुशबूची सोयरीक लाखांदूरला चालू आहे, हे मला एसटीत कळलं. मागच्या सीटवरची बाई तिच्या भाचीला सांगत होती. ज्या पोरीला मी मांडीवर बसवून मुळाक्षरं शिकवली तिच्या लग्नाची बातमी मला साकोलीच्या गाडीत, लाकडी पेटी आणि कोंबड्यांच्या मध्ये बसून ऐकायला मिळाली.

मुलाचे वडील पुंडलिकराव. माझ्यासोबत सहा वर्षं एकाच शाळेत होते, हे तुला माहीत नसेल, किंवा माहीत असेल म्हणूनच मला सांगितलं नसेल. तर मी त्यांना पत्र लिहिलं. खरं तेच लिहिलं. मुलीचा बाप बहिणीशी भांडला आणि त्या रागात त्याने घरच्या मुक्या जनावरावर गाडी घातली, समितीसमोर त्याने कबूलही केलं, अशा घरची सोयरीक करताना विचार करावा. पत्र त्याच दिवशी पेटीत टाकलं. तुला वाटेल, खुशबूचा काय दोष. मलाही वाटलं. पण तू मला जिथे लागेल तिथेच मारलंस, मग मीसुद्धा तेच केलं.

हवालदार कमच्या दाताने सोलायला लागला होता. शेवटी प्लास्टिकच्या लहान बादलीचा तळ कापून ती त्याच्या गळ्यात घातली. आता तो बादलीतून जग बघतो, दाराला धडकतो आणि मग माझ्याकडे असा पाहतो जणू दार मीच मध्ये आणलं. त्याला बाजेखाली विटांचं कुंपण करून ठेवलं आहे. उचलून बाहेर न्यायचं, उचलून आत आणायचं. माझी कंबर गेली. भातात अंडं कुस्करून दिलं की आता खातो.

काल रस्त्यावरून कोणाची तरी मोटारसायकल गेली. तुझ्यासारखीच, जुनी. बादलीतले कान उभे राहिले आणि तो तीन पायांवर विटांना ढुशा द्यायला लागला. ज्याने पाय मोडला त्याच्याकडे जायचं आहे त्याला. मी बादलीवर टिचकी मारून म्हटलं, लाज नाही तुला.

उत्तर पाठवू नकोस. तू पाठवणार नाहीसच.

तुळसा


सानगडी
२१ सप्टेंबर २००८

विनोद,

पुंडलिकरावांचं कार्ड आलं. "तूर्त थांबावे असा घरच्यांचा विचार आहे." मी ते दोनदा वाचलं आणि त्या दिवशी पोटभर जेवले. तुझ्या घरात त्या दिवशी काय शिजलं असेल याचा विचार करत जेवले.

पाय जुळला. तुलारामने कमच्या सोडल्या तेव्हा आतून निघाला तो पाय काडीसारखा, केस गळलेले, कातडी पांढरी. हवालदार तो टेकवतच नाही. टेकवायला शिकवावं लागेल, असं तुलाराम म्हणाला. त्याने युक्ती सांगितली ती मी रोज करते. सकाळी त्याला बोडीच्या काठावर घेऊन जाते, पोटाखालून दुपट्टा घालते, दोन्ही टोकं माझ्या हातात, आणि त्याला पाण्यात सोडते. पाण्यात त्याला भान राहत नाही, चारही पाय मारतो. दुपट्टा तुझा आहे, खुंटीवर राहिला होता. दुसरं जाड कापड घरात नव्हतं, एवढंच.

कपडे धुणाऱ्या बायका हसतात. रिटायर मास्तरीनबाई कुत्र्याला पोहणं शिकवतात म्हणतात. शिकवते. आता काठावर येऊन तो चौथा पाय टेकवतो, दोन पावलं, मग वर घेतो. माझी पोरं पहिलीत अशीच वाचायची, दोन अक्षरं वाचून माझ्या तोंडाकडे बघायची.

तुलारामने एक विचारलं. अंग पुसताना त्याला हवालदाराच्या गळ्याभोवती वळ दिसला, केस उडालेले. "बाई, याच्या गळ्याले दोर कायचा लागला? हा तं बादलीचा नाही, जुना आहे."

मी सांगितलं, जनावर आहे, बांधावं लागतं. तो पुन्हा अंग पुसायला लागला. तुलाही एवढंच सांगते, मी त्याला बांधत होते. कुत्र्याला बांधणं हा गुन्हा नाही.

तुळसा


सानगडी
१२ ऑक्टोबर २००८

विनोद,

हर्षा येऊन गेली. तिच्या लग्नातला पाण्याचा पितळी गुंड राहिला होता तो न्यायला आली, असं म्हणाली. तू पाठवलं नव्हतंस, हे तिने तीनदा सांगितलं. मी चहा दिला. हवालदार तिच्या पायाशी लोळत होता. तिने त्याचा पाय हातात घेतला, गळ्यावरून हात फिरवला, आणि मग म्हणाली, "गाडीच्या डिक्कीत लाकूड घेऊन फिरून राहिले हे तीन महिने झाले. फेका म्हटलं तं आंगावर येते. म्हणते, राहू दे, बाईचं आहे."

तर ते तुझ्याकडे आहे.

आता लिहायचं ते सरळ लिहिते. लोढणं मी बांधलं होतं. जूनमधल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी. लोकांच्या धानात शिरणाऱ्या उनाड गाईच्या गळ्यात लाकूड अडकवतात, पळायला गेली की गुडघ्यांवर आपटतं. तसं मी एवढ्याशा कुत्र्याला अडकवलं. बाबाच्या बाजेच्या पायाचा मोडका खूर कापून केलं, म्हणूनच तू ते पाहताक्षणी ओळखलंस. तुझ्या गाडीचा आवाज फाट्यावर आला की तो धावत सुटायचा. भात मी घालत होते, गोचिडं मी काढत होते, आणि तो दिवसभर तुझ्या वाटेकडे तोंड करून बसायचा. तुम्ही सगळे त्याच वाटेने गेलात. मला ते सहन झालं नाही.

त्या दिवशी तो लोढण्यासकट धावला. लाकूड दोन पायांत आलं आणि तो कोलमडून तुझ्या चाकापुढे पडला. मी दारातून पाहिलं. तू ब्रेक दाबलास तेही पाहिलं. मी पाळीवर पोचले तेव्हा त्याच्या गळ्यात काहीच नव्हतं. मला वाटलं, दोर तुटून लाकूड तलावात गेलं. बरं झालं वाटलं, आणि मी ओरडायला लागले.

बायका पोचायच्या आत तू ते सोडून डिक्कीत टाकलंस. समितीसमोर ते काढून ठेवलं असतंस तर त्याच दिवशी गाव माझ्या तोंडावर थुंकलं असतं. तू हात जोडलेस. पोरीची सोयरीक अडली तरी गप्प राहिलास.

हे तू माझ्यावर उपकार म्हणून केलंस असं तुला वाटत असेल. मला तसं वाटत नाही. तू मला तीन महिने मूर्ख बनवलंस. मी विजयाच्या घासाने जेवत होते आणि माझी लाज तुझ्या डिक्कीत फिरत होती. याहून वाईट सूड मला स्वतःलाही सुचला नसता.

हर्षा जाता जाता दारात थांबून म्हणाली, "खुशबूच्या सोयरिकीचं पहिल्यांदा तुमालेच सांगाले आलते ते, त्या दिवशी. पेढेही होते गाडीले." पेढ्यांचं मला माहीत नव्हतं.

याची भरपाई तुला करावी लागेल. कशी ते कळवीन.

तुळसा


सानगडी
२५ ऑक्टोबर २००८

विनोद,

कशी ते ठरलं.

परवा हवालदाराला कापडी थैलीत घालून लाखांदूरला गेले. कंडक्टरने थैलीत काय म्हणून विचारलं, मी नाव सांगितलं, तो उठून उभाच राहिला. पुंडलिकरावांच्या अंगणात थैली खाली ठेवली. हवालदार बाहेर आला, आळस दिला, आणि चारही पायांवर तुळशीएवढ्या त्यांच्या गुलाबापर्यंत जाऊन पाय वर केला. मोडलेल्याच पायावर भार देऊन डावा मागचा वर केला, हे खुशबूला सांग.

पुंडलिकरावांच्या थोरल्या सुनेने खुर्ची दिली. मी उभ्यानेच बोलले. लोढणं कोणी बांधलं, गाडीपुढे कुत्रं कसं पडलं, लाकूड कोणी लपवलं आणि कोणासाठी. माझ्या पत्रातला शब्दन् शब्द खोटा आहे असं सांगितलं, आणि ते परत मागितलं. त्यांनी पेटीतून काढून दिलं. चुलीत घालून टाका म्हणाले. मी घातलं नाही, पर्समध्ये ठेवलं. ते लागणार आहे.

पुंडलिकरावांनी हवालदाराचा पाय चाचपून पाहिला. मग म्हणाले, "बाई, तुमी नसतं सांगतलं तं आमाले जिंदगीभर समजलं नसतं."

मी म्हटलं, म्हणूनच आले.

ते मंडईला येणार आहेत, मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन. खुशबूला बघायला आपल्या घरी, सानगडीला. वरठीच्या भाड्याच्या खोलीत नाही. हे मी ठरवलं आहे आणि यात तुला विचारलेलं नाही.

समितीकडेही दुसरा अर्ज दिला. अध्यक्ष म्हणाले, तंटा मिटला बाई, आता कायले उकरता. मी म्हटलं, तो चुकीचा मिटला आहे. वही काढायला लावली आणि तुझ्या माफीच्या खाली माझी माफी लिहून सही केली. अक्षर माझं चांगलं आहे, पुढच्या समितीलाही वाचता येईल.

आता तुझी शिक्षा. मंडईला तू यायचंस. डिक्कीत ते लाकूड घेऊन यायचंस. पाहुणे ओसरीवर बसले, बहिणी-भाचे, गावातली चार माणसं जमली, की ते लाकूड आणि माझं ते पत्र मी सगळ्यांच्या मध्ये ठेवणार आणि काय ते सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस. "जाऊ दे बाई" म्हणायचं नाहीस. साडेतीन महिने तू एकटाच चांगला होतास आणि मला काही कळू दिलं नाहीस. तो मान मी तुझ्याकडून सगळ्यांदेखत काढून घेणार आहे. तुला खाली मान घालून ऐकावं लागेल, आणि तुला त्याचा किती त्रास होईल हे मला माहीत आहे, कारण लहानपणी तुझं कौतुक केलं की तू माझ्या पदरात तोंड लपवायचास. माझा सूड एवढाच आहे. पूर्ण घेणार.

पेढे आणलेस तर आण. मागच्या वेळचे मला मिळालेले नाहीत.

हवालदार थोडा लंगडतो. तुलाराम म्हणतो, हिवाळ्यात जास्त लंगडेल. गळ्यावरचे केस येतायत. आता त्याच्या गळ्यात काही नाही, पट्टासुद्धा नाही. तुझी गाडी फाट्यावर आली की तो ऐकेल, मी दार उघडं ठेवीन. पाळीवर चढलास की गाडी बंद कर, स्टँडवर लाव आणि उभा राहा. पुढे येऊ नकोस. त्याला जरा वेळ लागेल, पण त्याला येऊ दे.

जयभीम.

तुझी
बाई